इंजिनिअरिंगची तीन मुलं भाडेकरू: करार, डिपॉझिट, वायरिंग

नवखी_मालकीण:
पुण्यात कर्वेनगरमधला २ बीएचके पहिल्यांदाच भाड्याने देतेय. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची तीन मुलं येणार आहेत, त्यातला एक नोव्हेंबरमध्ये १८ पूर्ण करेल. भाडं २४,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत ११ महिने. एजंट म्हणतो, ११ महिन्यांसाठी नोटरी पुरते. खरंच पुरते का?

दस्तवाला:
नाही पुरत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुदत ११ महिने असली तरी सूट नाही. नोंदणी नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका असा, की वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरतात. नोंदणी असेल आणि मुदतीनंतर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, दुप्पट भाडं मागता येतं.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. एकूण भाडं २,६४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे ११ महिन्यांचं गृहीत धरलेलं व्याज ५,५००, म्हणजे २,६९,५०० वर जेमतेम पावणेसातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची फी वेगळी, ती आधीच ठरवून घ्या.

सतरा वर्षांच्या मुलाची सही चालणार नाही. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे १८ पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. त्याच्या जागी वडील किंवा आई लायसन्सी (करारात जागा घेणारा पक्ष), आणि राहणारा म्हणून मुलाचं नाव करारात. माझं मत विचाराल तर तिघांचेही पालक करारात घ्या. ऑनलाइन नोंदणीत सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी अंगठा द्यायची गरज नसते, त्यामुळे पालक लातूरला असले तरी अडत नाही.

नवखी_मालकीण:
आणि मध्येच एकजण सोडून गेला तर?

दस्तवाला:
संपूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ आहे, हे वाक्य करारात हवंच. म्हणजे एकजण गेला तरी पूर्ण भाडं उरलेल्यांकडून मागता येतं. नाहीतर उरलेले दोघे ‘आमच्या वाट्याचे १६,०००च देऊ’ म्हणून वाद घालतात. सहा महिने लॉक-इन (तोवर जागा सोडायची नाही) आणि एक महिन्याची नोटीस घाला. बदली मुलगा आला तर नवा करार करा. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चालेल’ लिहू नका.

तारमिस्त्री:
कागदाइतकंच वायरिंग बघा. मुलं पाणी तापवायचा रॉड आणि इंडक्शन आणतातच. १,५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, २,००० वॅटची शेगडी पावणेनऊच्या आसपास. ही उपकरणं ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर पिन लावून चालवली की आधी पिनेजवळचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. ओट्यावर आणि बाथरूमबाहेर १६ अँपिअरचा एकेक पॉइंट स्वतंत्र वायरने काढा, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. गिझर तुम्हीच देत असाल तर ‘रॉड वापरू नये’ ही अट करारात घाला.

किल्ली देण्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंती, ओटा, नळ, कमोड यांचं सलग शूटिंग करून मुलांबरोबरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. निघताना डिपॉझिटमधून जे कापाल ते बिल दाखवूनच. वर्षभर राहिल्यावर रंग थोडा मळणारच, त्याचे पैसे मुलांकडून घेऊ नयेत.

सोसायटीचा_सेक्रेटरी:
भाडेकरूंची माहिती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा, पोच आणि कराराची प्रत सोसायटीत द्या. ना-वहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. ‘बॅचलर’ म्हणून कुणी जास्त मागितलं तर २००१ चा शासन आदेश दाखवा.

मिळकतकरात स्वतः राहण्याबद्दलची ४० टक्के सवलत घेत असाल तर ती भाड्याने दिल्यावर लागू राहत नाही. भाडं ठरवण्याआधी तो फरक धरा.