शब्दचर्चा : मंजूर, उपलब्ध, हजर आणि कंडम

वेंगुर्लेकर

ग्रामसभेसाठी एक निवेदन लिहितोय. मागणी साधी आहे: किनाऱ्यावरच्या पोलीस दूरक्षेत्रात माणसं हवीत आणि एक धड गाडी हवी. त्याआधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. उत्तराच्या तक्त्यात तीन रकाने आले: मंजूर, उपलब्ध, रिक्त. ‘उपलब्ध’खालचा आकडा बघून मी चक्रावलो. तेवढे पोलीस आम्ही गणपतीतसुद्धा एकत्र पाहिलेले नाहीत. वाहनांसमोर ‘उपलब्ध : २’. त्यातली एक जीप आवारातल्या आंब्याखाली उभी आहे. टायरांत हवा नाही, पत्रा खाऱ्या वाऱ्याने चाळणीसारखा झालाय आणि मागच्या सीटवर शेजारच्या घरची कोंबडी अंडी घालते. हे मी स्वतः बघितलंय.

तेव्हा प्रश्न भाषेचा. ‘उपलब्ध’ म्हणजे नक्की काय? संख्याबळ आणि मनुष्यबळ एकच का? आणि हे ‘दूरक्षेत्र’ कुठून आलं? आमच्याकडे सगळे ‘आऊटपोस्ट’च म्हणतात.

निवृत्त बिनतारी

वेंगुर्लेकर, कोंबडीचं वाचून हसलो, पण तक्ता खोटा नाही हो. तो दुसऱ्याच अर्थाने लिहिलेला आहे.

मी पोलिसांच्या बिनतारी (वायरलेस) विभागात नोकरी केली. संदेश देता-घेता सगळ्या ठाण्यांचा राबता कळायचा. कागदावर ‘मंजूर’ म्हणजे शासनाने निर्माण केलेली पदं. त्या पदावर माणूस नेमला की तो ‘उपलब्ध’. मग तो कुठे का असेना! आकडे उदाहरणादाखल घेतो. मंजूर ४०, भरलेली ३२. या ३२ पैकी ३ मुख्यालयाला संलग्न, २ प्रशिक्षणाला, १ दीर्घ रजेवर, २ कोर्टात, १ समन्स बजावायला, ४ साप्ताहिक सुट्टीवर, ६ रात्रपाळी करून झोपलेले. राहिले १३. त्यातला १ ठाणे अंमलदार, २ संगणकावर, ३ लॉकअप गार्डला, १ गाडीवर चालक. म्हणजे तुमच्या वाडीत भांडण झालं तर पाठवायला ६. त्याच दिवशी आंगणेवाडीची किंवा कुणकेश्वरची जत्रा असली तर हे सहाही बंदोबस्ताला गेलेले असणार.

आमच्यात म्हण होती, ‘कागदार धा, ठाण्यात चार.’ सकाळच्या हजेरीला जो उभा राहतो तो ‘हजर’. खरा शब्द हा. निवेदनात ‘हजर’ लिहा आणि तारीख-वेळ घाला. ‘उपलब्ध’ लिहिलंत की तोच तक्ता परत पाठवतील.

दूरक्षेत्राचं म्हणाल तर तो कार्यालयीन शब्द आहे, आऊटपोस्टसाठी घडवलेला. मला तो कधी आवडला नाही. कोणापासून दूर? गावकऱ्याला ते जवळचंच असतं, दूर असतं ते ठाण्याला. शब्द ठाण्यात बसलेल्या माणसाने केलाय, एवढं त्यावरून कळतं.

रेवदंडेकर

काकांनी उपयोग सांगितला, मी व्युत्पत्ती जोडते. ‘उपलब्ध’ हे उप + लभ् यावरून आलंय. संस्कृतात अर्थ ‘मिळालेलं, प्राप्त’. आपण बोलताना तो ‘हाताशी असलेलं’ असा वापरतो. दुकानदार ‘उपलब्ध नाही’ म्हणतो तेव्हा माल आत्ता फळीवर नाही. सरकारी तक्ता जुन्या अर्थाला धरून बसलाय: पदाला माणूस मिळाला, विषय संपला. तुमचा गोंधळ या दोन अर्थांच्या फटीत झालाय.

‘संख्याबळ’ मला विधानसभेच्या बातम्यांत शोभतो. तिथे डोकी मोजली की काम होतं. पोलिसांत मोजायचं ते काम करणारं माणूस, म्हणून ‘मनुष्यबळ’ बरा. पण दोन्हींतलं ‘बळ’ फसवं आहे. रिक्त पदालाही आपण ‘मंजूर मनुष्यबळ’ म्हणतो! नसलेल्या माणसाचं बळ.

आणि हे मोजणं आपल्याकडे नवं नाही. शिवकालात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे बरोबरीचे कारभारी असत, कोणा एकाला किल्ला परस्पर देता येऊ नये म्हणून. सबनिसाकडे हजेरीपट आणि कागद, धान्य-दारूगोळ्याचा हिशेब कारखानिसाकडे. म्हणजे माणसं मोजणारा वेगळा, सामान मोजणारा वेगळा, आणि दोघंही हवालदाराच्या पंखाखाली नाहीत. विजयदुर्गावर, सिंधुदुर्गावर गेलात तर तटाच्या उंचीबरोबर हेही आठवा. आज हवालदार हे पद पार खाली आलंय, सबनीस आणि कारखानीस आडनावांत उरलेत.

गाडीसाठीही जुनी जोडी आहे. ‘बारगीर’ म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा, ‘शिलेदार’ म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. स्वतःच्या मोटारसायकलवर स्वतःचं पेट्रोल घालून गस्त घालणाऱ्या बीट अंमलदाराला (ठरावीक गावं नेमून दिलेल्या पोलिसाला) मी शिलेदारच म्हणेन.

वेंगुर्लेकर

ताई, शिलेदार झकास! आमच्या बीटवाल्याला सांगतो.

पण ‘शिबंदी’ का नाही वापरायची? वजनदार वाटते.

रेवदंडेकर

वजनदार आहे, पण चुकीची. शिबंदी म्हणजे किल्ल्याच्या राखणीला किंवा वसुलीला ठेवलेली फौज. शब्द फारसी वळणाचा. निवेदनात ‘शिबंदी वाढवा’ लिहिलंत तर तहसीलदार तुम्हाला कादंबरीकार समजतील. ‘कुमक’ मात्र चालेल, अट एवढीच की ती बाहेरून, तात्पुरती आलेली असावी. चतुर्थीला चाकरमानी यायला लागले की महामार्गावर येते ती कुमक. कायमची माणसं मागायला तो शब्द नाही. कुमक आली तशी परत जाते.

गुहागरी

गाडीवर या सगळे. कोंबडीवाल्या जीपला आमच्या भागात ‘कंडम’ म्हणतात, इंग्रजी ‘कंडेम्ड’ झिजून झालेला शब्द. सरकारी शब्द ‘निर्लेखन’. जिल्हा परिषदेच्या पडक्या शाळाखोल्यांमुळे हा शब्द कोकणात घरोघरी पोचलाय: खोलीचं निर्लेखन झाल्याशिवाय ती पाडता येत नाही.

निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून काढून टाकणं. ‘भंगारात काढणं’ वस्तूला लागतं, ‘निर्लेखन’ तिच्या नोंदीला. त्यामुळे दोन मजेदार अवस्था होतात. निर्लेखनाआधी गाडी चालत नाही पण कागदावर आहे, आणि नवी गाडी मागितली की ‘तुमच्याकडे दोन आहेत’ हे उत्तर. निर्लेखनानंतर गाडी कागदावर नाही पण लिलाव होईपर्यंत आंब्याखाली तशीच, कोंबडीसकट. तुमची जीप पहिल्या अवस्थेत दिसते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही (काही खास सुरक्षा वाहनं वगळून). तेव्हा जीपच्या नोंदणीचं वर्ष आधी विचारा. कदाचित तिथेच काम होईल.

बोटींचं तर विचारूच नका. १९९३ साली रायगडात शेखाडीला स्फोटकं उतरली, २००८ साली मुंबईत हल्लेखोर समुद्रातून आले. मधे २००५ पासून सागरी सुरक्षा योजना लागू झाली, सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, स्पीडबोटी आल्या, १२ सागरी मैलांपर्यंतची गस्त नेमून दिली. पण बोट म्हणजे नुसती बोट नव्हे. तांडेल (बोटीचा म्होरक्या) लागतो, इंजिन चालक लागतो, खलाशी लागतात, डिझेल लागतं. तक्त्यात ‘बोटी : १’ असतं आणि तांडेलाचं पद रिक्त असतं. हे दोन रकाने दोन वेगळ्या पानांवर येतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात मच्छीमार होड्या शाकारून ठेवतात, ऑगस्टात परत पाण्यात ढकलतात. कोळ्यांच्या भाषेत शाकारलेली होडी नादुरुस्त नसते, विश्रांतीला असते. बारमाही ताडपत्रीखाली असलेल्या स्पीडबोटीला शब्द नाही. सुचवा कोणीतरी.

निवृत्त बिनतारी

आम्ही ‘बांधलेली’ म्हणायचो.

रेवदंडेकर

निवेदनाचा शेवट ‘शासनाने देखरेख करावी’ असा असेल तर तेही बदला. देखरेख गुळगुळीत आहे, ती कोणीही करू शकतं. मुळात कोणती देखरेख? पालकमंत्री घेतात तो ‘आढावा’. आढाव्यात आकडे ऐकवले जातात. वरिष्ठ अधिकारी ठाण्यात येऊन करतात ती ‘तपासणी’. तिच्यात नोंदवह्या उघडतात. महालेखापरीक्षकांचं ते ‘लेखापरीक्षण’. त्यांचा अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळात जातो, मग लोकलेखा समिती सचिवांना साक्षीला बोलावते. कार्यालयात ‘आढावा झाला’ म्हटल्यावर चहा मागवतात, ‘पॅरा निघाला’ (लेखापरीक्षणात आक्षेप निघाला) म्हटल्यावर फाइली मागवतात. पोलीस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे अर्ज दिल्लीला करण्यात अर्थ नाही.

जाता जाता: जिल्हा नियोजनच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळाल्या की बातमी येते, ‘वाहनांचे लोकार्पण’. गाडी पोलिसांना दिली, अर्पण लोकांना कसं झालं? ‘हस्तांतरण’ म्हणा की. पण त्याला हिरवी झेंडी दाखवता येत नाही.

वेंगुर्लेकर

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय, बघा:

‘दूरक्षेत्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, पैकी अन्यत्र संलग्न किती, आणि मागील महिन्यातील प्रत्येक रविवारी रात्री ९ वाजता प्रत्यक्ष हजर किती होते, हे हजेरीपटावरून कळवावे. दोन वाहनांपैकी चालू स्थितीत किती, प्रत्येकाचे नोंदणी वर्ष कोणते, आणि बंद वाहनाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेस पाठवला, हेही कळवावे.’

कोंबडीचा उल्लेख काढला. मालकीणबाईंनी वाचलं तर अंडी मिळायची बंद होतील.

गुहागरी

‘पाठवला’नंतर ‘किंवा कसे’ घाला. सरकारी कागदाला त्याशिवाय चव येत नाही. प्रस्ताव पाठवलाच नसेल तर त्यांना तेही लिहावं लागेल.