अनुभव धागा: दोन स्क्रीनचा फोन आणि एकच अंगठा

घडीचा किंवा दोन स्क्रीनचा फोन वापरणाऱ्यांनो, एक हात अडकलेला असताना तुमचा अंगठा कुठवर पोचतो?

मी सुरुवात करते. लेक पाच महिन्यांची. ती डाव्या खांद्यावर झोपली की उजवाच हात मोकळा. माझा फोन डबीसारखा मिटतो, बाहेर 3.4 इंची स्क्रीन. मेसेज, अलार्म, गाणी सगळं अंगठ्यावर भागतं. एकदा रात्री फटीत अंगठ्याचं नख घालून एकहाती उघडायला गेले, तर फोन निसटून तिच्या पाठीवर पडला. दचकून किती रडली! आता ती कडेवर असताना फोन मिटलेलाच.

—

डोंबिवलीहून रोज लोकल, एक हात वरच्या कडीला. गॅलेक्सी फोल्ड 6 आहे, 239 ग्रॅम. बाहेरची स्क्रीन अरुंद, त्यामुळे अंगठा आडवा पार जातो. वर मात्र पोचत नाही. होम स्क्रीनवर कुठेही खाली ओढलं की नोटिफिकेशन उघडतील अशी सेटिंग करून घ्या, फार सोय होते. आतली स्क्रीन बसायला मिळालं तरच.

—

एलजी विंग आठवतो का? 2020 चा. मोठी स्क्रीन फिरवून आडवी केली की खाली 3.9 इंची छोटी स्क्रीन उरायची, मुठीत दांडा धरल्यासारखी. तिच्यावर कॅमेऱ्याची जॉयस्टिक यायची. 2022 च्या वारीत दिवे घाटात एका हातात छत्री, दुसऱ्यात हा फोन. वळणावळणाने चढणारी दिंडी मी नुसत्या अंगठ्याने टिपली. हा फोन आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, कंपनीने फोन बनवणंच थांबवलं होतं. माझा अजून जपून ठेवलाय.

—

जड फोन एकहाती वापरून मनगटाला अंगठ्याच्या बाजूने कळ यायला लागली. डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं आणि मी ओरडलेच. डी क्वेर्वेन निघालं, म्हणजे मनगटाजवळ अंगठ्याच्या कंडरांना येणारी सूज. दुखत असेल तर अंगावर काढू नका.

—

अर्धांगवायूनंतर बाबांचा डावा हात चालत नाही. घडीचा फोन अर्धा उघडून टेबलावर ठेवला की धरावा लागत नाही. वरच्या अर्ध्यात नात दिसते, खालची बटणं ते अंगठ्याने दाबतात. उघडून मात्र आईच देते. एका हाताने सुरक्षित उघडायची युक्ती कुणाला सापडली असेल तर जरूर सांगा, बाबांना हवी आहे.