मदत हवी आहे: घरोटावरच्या ओव्या ठेक्यात ओढल्या की आवाज बिघडतो

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. गेल्या श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी (नैवेद्यासाठी) आजी घरोटावर गहू दळत होती (जात्याला आमच्याकडे घरोटच म्हणतात), तेव्हा तिच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. गळा, घरघर, बांगड्या, सगळं एकाच मोनो ट्रॅकवर. यंदा खाली चुलतभावाचा डफ घालून रोटांच्या दिवशी घरी ऐकवायचं आहे.

अडचण लयीची. घरोटात धान्याची मूठ वैरताना आजीचा हात मंदावतो, मग पुन्हा वेग धरतो. मोजलं तर ७० ते ८४ बीपीएम (मिनिटाला ठोके). मी रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रेच मार्कर (आवाज ताणण्या-आवळण्याच्या खुणा) टाकून सगळं ७८ वर आणलं. ठेका बसला, पण बांगडीचा एक खणका दोनदा ऐकू येतो आणि घरघर पाण्याखालून आल्यासारखी वाटते. ताणण्याच्या पद्धतींपैकी (मोड) इलास्टिक प्रोमध्ये गळा त्यातल्या त्यात बरा राहतो. सोलोइस्ट लावल्यावर दोन्ही बिघडले. आजीने ऐकलं आणि म्हणाली, "हाऊ मना आवाज नई" (हा माझा आवाज नाही). ते फार लागलं. कोणता मोड लावू?

प्रतिसाद:
दादा, मोड बदलून हे सुटणार नाही. सोलोइस्ट एकट्या गळ्यासाठी आहे, तुमच्या ट्रॅकवर तीन आवाज आहेत. त्यात ७० चं ७८ म्हणजे ११ टक्के ओढ. घरघरीसारखा खरखरीत आवाज आणि खणक्यासारखा क्षणिक आवाज, दोघांनाही ती सोसत नाही.

आजींना ग्रिडवर (ठोक्यांच्या रेघांवर) ओढू नका, ग्रिड आजींच्या मागे न्या. सगळे स्ट्रेच मार्कर काढा. आयटमचा (रेकॉर्डिंगच्या तुकड्याचा) टाइमबेस, म्हणजे तो कशाला बांधलेला आहे ती सेटिंग, आधी 'टाइम' करा, हे विसरलात तर टेम्पो बदलताच रेकॉर्डिंगही हलेल. मग घरोटाचे चार फेरे निवडून त्या निवडीवरून एक माप (मेजर, म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) तयार करा, पुढचे चार, असं शेवटपर्यंत. मेट्रोनोम (ठोक्याचा क्लिक) आजींच्या हाताबरोबर मंदावेल, वाढेल. भावाने डफ त्यावर वाजवावा. वेळखाऊ आहे, पण मूळ आवाजाला धक्का लागत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार! पहिली ओवी केली, आवाज जसाच्या तसा आहे. फक्त मूठ वैरते तिथे क्लिक एकदम उडी मारतो, भाऊ तिथेच चुकतो. दोन टेम्पो मार्करांमधला टेम्पो हळूहळू सरकता ठेवला तर पुढची मापं जागेवरून सरकतील का?