दादांचा जर्मन अल्बम (फॅमिली ग्रुप)

बाळूकाका: वहिनी, दादांचा तिकिटांचा अल्बम परस्पर विकायला काढलाय असं कानावर आलं. खरं आहे का?

सुनंदाकाकू: भाऊजी, परस्पर काही नाही. माळा आवरताना सापडला. एक तिकीटवाला बघून गेला, सगळ्याचे मिळून 4,000 देतो म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही.

बाळूकाका: अल्बम सध्या कोणाकडे आहे?

मन्या: मामा, त्यात 50 अब्ज मार्कांचं तिकीट आहे!! बाणेरला आख्खा टॉवर घेऊ 😂😂

मीनाआत्या: मला हिटलरच्या डोक्याची तिकिटं आठवतात. ती तर दुर्मीळच असणार.

अनिकेत (स्टुटगार्ट): नाही गं आत्या. 1941 पासूनची ती मालिका कोट्यवधींनी छापली. इथे चिल्लर भावात मिळते. आणि मन्या, तुझं तिकीट 1923 चं, महागाईनं जर्मन मार्क मातीमोल झाला तेव्हाचं. साध्या पत्राला 1 नोव्हेंबरला 10 कोटी मार्क लागत होते, 12 नोव्हेंबरला 10 अब्ज! जुन्याच तिकिटांवर नवा आकडा ठोकून द्यायचे. दर परत वाढला की ती कुचकामी. पोस्टाकडे ढीग उरले, म्हणून कोरी तिकिटं आज स्वस्त. त्याच दिवसांत खरोखर टपालातून गेलेल्यांना भाव.

सुनंदाकाकू: तशी चार-पाच पाकिटंही आहेत. संध्याकाळी कोमट पाण्यात टाकून तिकिटं सोडवणार होते.

अनिकेत (स्टुटगार्ट): काकू, पाकिटं पाण्यात टाकू नका!! प्लीज!! तारीख, गाव आणि त्या दिवसाचा दर पाकिटावरच जुळवता येतो. तिकीट सुटलं की पुरावाच गेला.

बाळूकाका: परत विचारतो. अल्बम सध्या कोणाकडे आहे?

मीनाआत्या: अरे बाळ्या, वहिनींकडेच आहे. दादांचं शेवटपर्यंत कोणी केलं तेही सगळ्यांना माहीत आहे.

बाळूकाका: मीने, तो विषय इथे नको.

सदानंदराव: 🌹🌹 शुभ सकाळ 🌹🌹

मन्या: बाबा, तीन वाजलेत दुपारचे 🙏

तन्वी: अनिकेतदादा, म्हणजे शिक्का असेल ते महाग, एवढंच ना?

अनिकेत (स्टुटगार्ट): एवढं सोपं नाही. 1923 च्या कोऱ्या तिकिटांवर मागाहून शिक्के मारून फसवणाऱ्यांची कमी नव्हती. म्हणून तिकीट उलटं करून तपासनिसाची बारीक खूण बघतात, ‘इन्फ्ला बर्लिन’ (त्या महागाईच्या काळातल्या तिकिटांचा संग्राहक-संघ) किंवा ‘बीपीपी’ (जर्मन तिकीट-तपासनिसांचा संघ) वाल्यांची. आणि 1951-52 च्या पोस्टहॉर्न (टपालवाल्यांचं तुतारीसारखं शिंग) मालिकेचं बरोबर उलटं. वापरलेली साधी, पण मागचा डिंक शाबूत असलेला कोरा पूर्ण संच फार महाग. दादांकडे तशा शिंगाच्या चित्राची काही आहेत का?

सुनंदाकाकू: शिंग आहे, पण शिक्के आहेत सगळ्यांवर. मुकुट घातलेल्या बाईचीही पुष्कळ आहेत.

अनिकेत (स्टुटगार्ट): ती जर्मानिया, आपल्या भारतमातेसारखी. खाली ‘राइशपोस्ट’ असेल तर 1900 च्या आसपासची, ‘डॉइचेस राइश’ असेल तर 1902 नंतरची. भिंग लावून बघाल का?

तन्वी: ड्रेस्डेनच्या पेनफ्रेंडनं पाठवलेल्यांवर शिक्का आहे पण मागे डिंकही तसाच आहे. हे कसं?

अनिकेत (स्टुटगार्ट): पूर्व जर्मनीचं पोस्टच शिक्का मारून संग्राहकांना विकायचं. पत्रावर ती चिकटलीच नाहीत. बहुतेक स्वस्तच.

मीनाआत्या: आझाद हिंदची पण तिकिटं जर्मनीत छापलेली ना? दादा सांगायचे.

अनिकेत (स्टुटगार्ट): हो आत्या, 1943 मध्ये, बर्लिनच्या सरकारी छापखान्यात! पण टपालात कधी वापरली गेलीच नाहीत. कोणी शिक्का मारलेलं आझाद हिंद दाखवलं तर दोन हात लांब राहा.

मन्या: टॉवर कॅन्सल मग. वन बीएचके तरी? 😭

बाळूकाका: गंमत पुरे. 4,000 कमी आहेत की जास्त, ते सांगा. आणि अल्बम त्या माणसाला एकट्याला बघू दिला होता का?

सुनंदाकाकू: मी समोर बसून होते भाऊजी. चहासुद्धा उठून केला नाही त्याला.

अनिकेत (स्टुटगार्ट): काका, आत्ता आकडा सांगणं चूक होईल. मिशेल कॅटलॉगमधला (तिकिटांच्या भावांची जर्मन यादी) भाव पूर्ण हातात पडत नाही, त्याच्या थोड्या हिश्शानेच व्यवहार होतात. पण 1923 ची पाकिटं अस्सल निघाली तर बाकीचा अल्बम एकीकडे आणि ती एकीकडे. दादांनी तारखेनुसार लावलीत ती, उगाच नाही. तपासल्याशिवाय कोणालाही देऊ नका. काकू, पुढून-मागून फोटो काढा, तिकिटाला बोट लावू नका, चिमटा वापरा.

सुनंदाकाकू: चिमटा दादांचाच आहे डब्यात. उद्या उजेडात काढते.

बाळूकाका: फोटो इथे ग्रुपवरच टाका, अनिकेतला वेगळे नकोत. आणि पानं किती आहेत तेही लिहा.

सुनंदाकाकू: 42. अल्बम सापडला त्याच दिवशी मोजून ठेवली, भाऊजी. तुम्ही विचारणार हे माहीत होतं. पाकिटं पाच, आत्ता परत मोजली.