स्टुडंट लॉ जर्नलने फौजदारी न्यायव्यवस्था सुधारते का, की नुसता सीव्ही?

मागचा_बाक:
आमच्या कॉलेजच्या स्टुडंट जर्नलचा अंक आलाय, विषय फौजदारी कायद्यातल्या सुधारणा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तिन्ही नवे कायदे. आख्खा वाचला आणि डोकंच फिरलं. आयपीसीतलं राजद्रोहाचं कलम १२४अ गेलं नि नव्या न्याय संहितेत १५२ आलं यावरच तीन लेख, तिन्हीत सुप्रीम कोर्टाचे तेच निकाल नि पानभर फूटनोटा. कच्च्या कैद्यांवर एक ओळ नाही. केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या २०२२ च्या आकड्यांत तुरुंगातले ७५ टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे शिक्षा झालेलीच नाही तरी आत. रिमांडला पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) हे जिथे उभ्या उभ्या ठरतं तिथे तुमचं जर्नल कोण उघडतंय? एडिटोरियल बोर्ड बरखास्त करा आणि सगळ्यांना लीगल एडला, गरिबांना फुकट वकील देतात तिथे पाठवा.

फूटनोट_फॅन:
कोणी वाचत नाही म्हणे. मथुरा केस माहितीये ना, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याची? १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, ते लॉ जर्नलमध्ये छापून आलं, आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम तेव्हाच आलं.

मागचा_बाक:
ते चौघं प्राध्यापक होते रे, थर्ड इयरची पोरं नव्हती! आणि कायदा बदलला तो बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून.

फूटनोट_फॅन:
उतरल्या कशावरून पण? पत्र वाचूनच ना.

काळाकोट:
वकील आहे, जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात रोज उभा असतो म्हणून बोलतो. लिहा की, पण सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ वर लिहा. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्मा, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या केसेसनाही लावलं, अर्ज जेल सुपरिटेंडंटने करायचा. ऐकायला झकास. पण पोटकलम २ बघा, एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत तपास किंवा खटला चालू असेल तर सोडता येत नाही. जुन्या सीआरपीसीच्या ४३६अ मध्ये ही अट नव्हती. आता मोबाईल चोरीत एक पोरगं सापडलं की त्याच्यावर आणखी चार एफआयआर चढतात हे कोर्टाच्या पायरीवरचा चहावालापण सांगेल, म्हणजे ज्याच्यासाठी सवलत तोच सवलतीतून वगळला. जामीन आधीच मिळालेला असतो कितीकदा, सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतीचा जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगं आतच. यावर एक लेख दाखवा मला.

दुसरी_बाजू:
मी कोर्टात सरकारी पक्षाकडून, म्हणजे आरोपीविरुद्ध बोलते, राग आला तर येऊ दे. चार एफआयआर 'चढतात' म्हणजे काय, त्या चारही केसमध्ये फिर्यादी माणसंच असतात ना! सुधारणा म्हटलं की तुम्हाला फक्त सोडणं दिसतं. त्याच संहितेचं १७६(३) बघा, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जायचंच, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीये. लॅबचा रिपोर्ट वेळेत आला तर खटला लवकर संपेल आणि निर्दोष माणूसही लवकर सुटेल, त्यावर कुठल्या संपादकाला लेख हवाय? कंटाळवाणा विषय ना.

फूटनोट_फॅन:
विद्यार्थी काही करत नाहीत हे मात्र मान्य नाही. २०१६ चा फाशीच्या कैद्यांवरचा रिपोर्ट दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचा, देशात तेव्हा ३८५ जण फाशीच्या शिक्षेखाली होते, त्यातल्या ३७३ जणांची माहिती घेतली, मुलाखतींना जेलमध्ये आणि कैद्यांच्या घरी गेली ती पोरंच होती. चारातले तीन जण आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. फूटनोटा शोधून हे कळलं नसतं.

मागचा_बाक:
मग मी दुसरं काय बोलतोय?? जेलमध्ये जा म्हणतोय. आमचं बोर्ड जाणार नाही, दरवर्षी नवीन पोरं येतात, सायटेशन म्हणजे संदर्भ द्यायला शिकेपर्यंत टर्म संपते.

काळाकोट:
जेलची परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. ऑर्डर ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर पडतात, एका जिल्ह्याच्या घ्या, ४७९ चे किती अर्ज आले, किती पोटकलम २ वर फेटाळले, तेवढं मोजा.

दुसरी_बाजू:
मोजाच. आणि सुटलेल्यांपैकी किती जण पुढच्या तारखेला हजर राहिले तेही त्याच तक्त्यात टाका, तो कॉलम गाळलात तर मी उत्तर लिहून पाठवणार, आणि ते छापायचं.