दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को नेमके किती तास? आई इंदूरहून एकटीच निघतेय

राजवाड्याजवळचा:
आई 68 वर्षांची, पहिल्यांदाच परदेशात, ताईच्या बाळंतपणाला निघून राहिलीये. इंदूर-दिल्ली आणि पुढे थेट विमान. नेटवर दिल्लीहून अंतर 12,400 किमीच्या आसपास दिसतं, ताशी 900 धरले तर पावणेचौदा तास व्हायला पाहिजेत न, मग तिकिटावर 16 कसे? आणि पहाटे 4 ला सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणार असं लिहिलंय, आई विचारते साडेतीन तासांतच अमेरिका आली का रे. तिला नीट सांगता येत नाहीये मला.

नकाशावेडा:
भिया, 12,400 हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. मुलांचा ग्लोब घे आणि दोरा लावून बघ, तो हिमालय, तिबेट, सायबेरिया करत पार उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्काकडे उतरतो. पण तिबेटवरून विमानं शक्यतो नेत नाहीत, कारण केबिनमधली हवा कमी झाली तर लगेच 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच 14-15 हजार फुटांवर. म्हणजे वळसा आलाच, त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं.

पश्चिमवारा:
वाऱ्याचं पण बघा. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं हेच विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं, 15,300 किमी, आधीच्यापेक्षा लांबचा रस्ता, तरी साडेचौदा तासांत पोचलं कारण वारा पाठीशी होता. म्हणून किमीला वेगानं भागून तास काढू नका, तिकिटावरचेच धरा.

सुदामानगरची काकू:
अरे आईला एवढंच सांग, तू उतरशील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 8 वाजले असतील. उन्हाळ्यात ते साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. आणि मुख्य म्हणजे दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत न ते बघ! माझी दोन वेगळी होती, दिल्लीला पट्ट्यावरून दोन्ही बॅगा स्वतः उतरवल्या, ट्रॉली ढकलत परत चेक-इनच्या लायनीत लागले, रडायचीच बाकी होते. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेव, चालता येत असलं तरी, म्हणजे इमिग्रेशनपर्यंत सोबत माणूस राहतो. बीपीच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, वेळा डॉक्टरांना विचारून. दर दोन तासांनी उठून चालायला सांग, पाय सुजतात.

राजवाड्याजवळचा:
काकू, तिकिटं वेगळीच निघाली!! मध्ये अडीच तासच आहेत, आता इंदूरहून आदल्या संध्याकाळचं विमान घेऊन देतो. रात्री 8 वालं आईला लगेच पटलं, म्हणाली म्हणजे आपल्या जेवणाच्या वेळेला तुझा फोन येईल.