पाईप पुरलेल्या रानातला युरिया ओढ्यात चाललाय. डोस कमी करायचा का?

दूधगंगाकाठ: चिकोडी-कागवाडच्या काळ्या क्षारपड रानात सच्छिद्र पाईप पुरले की मीठ धुऊन निघतं, हे मान्य. पण युरियाचं मातीत नायट्रेट होतं, आणि त्याच पाण्यातून तेही जातं. चिकणमाती ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, मग माती त्याला धरणार कशी? पाणथळ रानात त्यातलं थोडं वायू होऊन उडायचं. आता पाईपमधून सरळ ओढ्यात. माझं मत स्पष्ट आहे, पोती कमी करा.

कागवाडचा ऊसवाला: पाईप नसते तर रान पडीकच होतं की! पडीक रानातून नत्र जात नाही म्हणून सत्कार करायचा काय? टनेज घटलं तर तुम्ही भरून देणार?

मळेकर: नुसत्या डोसचं खापर फोडू नका. अमेरिकेत आयोवातल्या डी मॉईन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं याच नायट्रेटवरून 2015 साली तीन काउंटींतल्या (तिथले जिल्हे) निचरा मंडळांवर, म्हणजे रानातल्या पाईपांचं पाणी बाहेर काढणाऱ्या मंडळांवर, दावा लावला, 2017 साली तो फेटाळला गेला. तिथल्या मक्याच्या रानात खत बंद केलं तरी सेंद्रिय पदार्थ कुजून नायट्रेट निघतच राहतं.

दूधगंगाकाठ: तिथली माती कर्बानं भरलेली, दादा. आपल्याकडे कर्बच कमी, म्हणजे पोत्याचा वाटा मोठा. महाराष्ट्राची सुरू उसाची (हिवाळा सरताना लावलेल्या) शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र. एकरी 45 किलोची साधारण पाच पोती युरिया, डीएपी या दुसऱ्या खतातला नत्र त्यातच धरून. पाचावर कोण थांबतं सांगा.

कागवाडचा ऊसवाला: युरिया स्वस्त, पोटॅश महाग, म्हणून हात सुटतो, खरं आहे. पण धुऊन नेतं ते पाणी. रात्री वीज येते, मोटार चालू करून माणूस झोपतो, सकाळपर्यंत सऱ्या तुडुंब. आधी ठिबकाचं बोला.

निपाणीची सून: तुमचा वाद चालू दे, ओढ्याच्या खालच्या अंगाला विहीर आमची आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको. उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका त्याचाच.

मळेकर: ताई, पाईपच्या तोंडाला झडप बसवून पाणी रानातच अडवता येतं. गळती घटते.

कागवाडचा ऊसवाला: आणि मीठ? पाणी वर चढलं की क्षार परत मुळाशी. आयोवात पाईप पुरतात ते जादा पाणी काढायला, आम्ही पुरले ते मीठ काढायला.

मळेकर: बारमाही कुठं म्हणतोय? भरणीचं, म्हणजे उसाला माती लावतानाचं खत टाकल्यावर पंधरा दिवस झडप बंद ठेवा.

कागवाडचा ऊसवाला: त्याच पंधरवड्यात वळीव कोसळला तर?